रोज एक वीत

आमच्या घरातला पोपट फक्त माझ्या हातचं खायचा. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय आणि इतक्या वेळा स्वतः लोकांना सांगितलंय, की आज लिहितानाही हात आपोआप चालला. शेजारणी कौतुकाने ऐकायच्या. सुरुवातीला मलाही त्याचा अभिमान वाटायचा. मग सवय झाली, आणि पुढे पुढे त्या पोपटाकडे बघितलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

दादाने तो आणला होता. माझा मोठा भाऊ बोटीवर कामाला. नऊ-दहा महिने समुद्रावर, मग महिना-दोन महिने रत्नागिरीला घरी, की पुन्हा बोट. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. वडील त्याच वर्षी गेले, तेही जन्मभर बोटीवरच होते. दादा मुंबईला उतरला आणि एस्टीत मांडीवर पिंजरा घेऊन घरी आला. "तुम्हा दोघींना सोबत," म्हणाला, आणि पुढच्या महिन्यात निघून गेला. घरात उरलो आई, मी आणि पोपट.

पोपट आपल्याकडे माडांवर दिसतात त्यापेक्षा चांगला मोठा होता. खांद्यांवर लाल पट्टे, आणि चोच अशी, की सुपारी दिली असती तर कातरून दिली असती. आम्ही त्याला नुसतं राघू म्हणायचो. दादा घरी होता तोवर राघू फक्त दादाकडून खायचा. दादा गेल्यावर दोन दिवस त्याने चोच उघडली नाही. आईने पेरूची फोड धरली की मान फिरवायचा. मी भिजवलेली चण्याची डाळ तळहातावर धरली, तर तिसऱ्या दिवशी एकेक दाणा उचलायला लागला. आईने त्याच दिवशी आळीत जाहीर करून टाकलं, "माझ्या हातचा नाय खात तो. हिच्याच हातचा खातो."

तेव्हा मी बी.ए. होऊन घरी बसले होते. काही महिन्यांनी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्टचं काम लागलं. सकाळी नऊची एस्टी, संध्याकाळी सहाला परत. दुसऱ्याच दिवशी घरी आले तर डाळीची वाटी सकाळी ठेवली तशीच भरलेली, आणि आई पडवीच्या पायरीवर गालाला हात लावून बसलेली.

"दिवसभर काय खाल्लान नाय हो," ती म्हणाली. "नुसता दाराकडे बघत बसला."

मी हात न धुता आधी त्याला डाळ भरवली. रोज तेच व्हायला लागलं. दुसऱ्या आठवड्यात पिंजऱ्याखाली पिसं पडायला लागली. आईने ती केरात टाकली नाहीत. बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात ती साठवायला लागली आणि मी घरात पाऊल टाकलं की डबा उघडून माझ्यापुढे धरायची. चौथ्या आठवड्यात मी नोकरी सोडली.

पोपटासाठी नोकरी सोडणारी मुलगी म्हणून मी आळीत बरीच प्रसिद्ध झाले. लोकांना वाटलं, काय जीव लावलाय पाखराला. खरं म्हणजे माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शिमग्याला नाटे गावी मावशीकडे जायचं तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पालखी मावशीच्या अंगणात येईपर्यंत मी परतीच्या एस्टीत बसलेली असायचे आणि ढोलांचा आवाज मागून ऐकायचे. मैत्रिणी लग्न होऊन गेल्या. माझ्या स्थळांचा विषय निघाला की आई म्हणे, आधी दादाचं होऊ दे. दादा समुद्रावर, त्याला मुली दाखवायच्या कुठे? आईने त्याच्या लग्नासाठी घेतलेलं तांदळाचं पितळी माप देवाच्या कोनाड्यात चकचकीत घासून ठेवलेलं होतं. दर सणाला ते घासलं जायचं.

मला कोंडल्यासारखं व्हायचं. पण कोणी कोंडलंय ते सांगता येत नव्हतं. आई कधी "जाऊ नको" म्हणाली नाही. मी कुठे निघाले की ती फक्त पिंजऱ्याकडे बघायची, आणि मग मीही बघायचे. चार वर्षं अशी गेली.

मग एका दिवाळीच्या आधी देवरूखला एका शाळेत ग्रंथपालाची जागा निघाली. आईला सांगून, संध्याकाळच्या डाळीच्या आत परत येते म्हणून, मी मुलाखतीला गेले. मुलाखत घेणारे गृहस्थ उठताना म्हणाले, "दिवाळीची सुट्टी संपली की रुजू व्हायच्या तयारीत राहा. पत्र येईलच." मी बाहेर आले ती जमिनीवर पाय नसल्यासारखी. देवरूखला राहणं आलं, रोज जाऊन येऊन होण्यासारखं अंतर नव्हतं. आणि स्टँडपर्यंत येता येता सगळा आनंद उतरला, कारण डोळ्यांपुढे बिस्किटांचा डबा आला.

बाजारात भाजीवाल्यांच्या शेजारी एक बाई बसली होती. डोंगरातल्या गावातली असावी. तिच्यापुढे कोंबड्या झाकायची टोपली उपडी होती आणि टोपलीखाली एक पोपट. छोटा, राघूच्या निम्मासुद्धा नाही. अंग हिरवं, पण डोकं पिकल्या जांभळाच्या रंगाचं, गळ्याभोवती काळी रेघ आणि चोच पिवळी.

"भातावर पडलेला थवा, त्यातला एक जाळ्यात गावला," बाई म्हणाली. "पंख कापल्यात, उडायचा नाय. घेवा बाय, लय गुणाचा हाय."

"नर की मादी?" मी विचारलं.

तिने टोपली जराशी उचलून पाहिलं. "येवढी नटलेली हाय, म्हंजे मादीच की."

मला त्या क्षणी काय सुचलं ते लपवत नाही. राघूला सोबत मिळाली, त्याचं मन रमलं, तर तो माझ्यावाचून खाईल. माझ्या जागी बसवायला मला कोणीतरी हवं होतं, आणि ते टोपलीखाली आयतं बसलेलं होतं. ते पाखरू देवरूखच्या डोंगरातून रत्नागिरीला येणार आणि त्याच्या जिवावर मी रत्नागिरीहून देवरूखला जाणार, हेही मला एस्टीत सुचलं. मला ते तेव्हा वाईट वाटलं नाही. पोपटाला पोपट चालेल, एवढाच विचार केला. जात वेगळी आहे हे दिसत होतं, पण त्यात काही अडचण असेल हे डोक्यातच आलं नाही.

आईने टोपलीवरचं फडकं काढलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, "डोक्याला रंग फासून गळ्यात मारलान तुझ्या." तिला वाटलं विकणाऱ्याने साधं पिल्लू रंगवलंय. माझं काही ऐकायच्या आत तिने रिठ्याचं कोमट पाणी केलं आणि त्या बिचाऱ्याचं डोकं चोळून चोळून धुतलं. पाणी स्वच्छ ते स्वच्छ. पाखरू थरथर कापायला लागलं तेव्हा आईने ते पदरात गुंडाळून छातीशी धरलं, आणि ओल्या डोक्यावरून बोट फिरवता फिरवता तिचा आवाज बदलला. "खरीच देखणी हाय गो."

मी लगेच सांगितलं, ही राघूची बायको. नोकरी जमल्याचं अजून बोलले नव्हते. आई एकदम उभी राहिली. "मग अशी मागच्या दाराने आणतात काय?"

तिने कोनाड्यातलं ते पितळी माप काढलं. तांदूळ भरले. पडवीच्या उंबऱ्यावर ठेवलं. शेजारच्या दोघी-तिघी जमल्या. आईने पाखरू हातात धरून, त्याच्या इवल्याशा पायाने माप कलंडवलं, वर हळदकुंकू लावलं, आणि सगळ्या बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. आईही हसत होती. वडील गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. दादासाठी घेतलेलं माप असं वापरलं गेलं, याचं तिला काही वाटलं असेल तर ते तिने दाखवलं नाही.

"दुसरा पिंजरा मिळेपर्यंत टोपलीतच ठेवूया," मी म्हटलं खरं, पण अगदी पडत्या आवाजात.

"सून पहिल्याच दिवशी वेगळी ठेवतात काय?" आई म्हणाली. मला तर घाईच झाली होती. राघूच्या पिंजऱ्याचं दार मी उघडलं.

पुढचं सारं पाच-सहा श्वासांत झालं. नवं पाखरू दांडीवर बसलं, बाजूला सरकलं, आणखी सरकलं. राघूने पिसं फुलवली, डोळ्यांची बुबुळं बारीक केली आणि थेट त्याच्या पायावर चोच मारली. पिंजऱ्यात नुसता फडफडाट. मी हात घातला तर माझ्या अंगठ्यालाही चावला. छोटं पाखरू बाहेर काढलं तेव्हा त्याच्या डाव्या पायाचं एक बोट नव्हतं. उंबऱ्यावर सांडलेल्या तांदळांत रक्ताचे थेंब पडले. आईने मुठीने हळद दाबली. बायका एकेक करून घरी गेल्या.

आमच्या शेजारी गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर राहायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते धावत आले, पाय बांधला, आणि आधी पाखराकडे, मग पिंजऱ्याकडे, मग आमच्या दोघींकडे पाहिलं.

"वैनी, ही सून नाय, जावई हाय," ते म्हणाले. "या जातीत डोक्याला रंग नराला असतो. आणि तुमच्या राघूच्या गळ्याला रेघ आहे कुठे? ती मादी. चार वर्षं राघू राघू करताय."

आई म्हणाली, "असू दे. आता त्याला काय सांगत बसू?" राघू शेवटपर्यंत राघूच राहिला.

काकांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. दोन वेगळ्या जाती, त्यातून एक दांडगी आणि एक नाजूक. एका पिंजऱ्यात बहुतेक कधीच राहणार नाहीत. पण एकमेकांशेजारी राहतील, सोबत होईल. आधी छोट्याला आठ दिवस आतल्या खोलीत ठेवायचं, जखम भरायला हवी आणि काही रोग असला तर कळायला हवा. मग पडवीच्या एका टोकाला राघू, दुसऱ्या टोकाला हा. रोज एक वीत जवळ आणायचं. दोघांना खायला एकाच वेळी घालायचं. राघूने पिसं फुलवून चोच उघडली तर त्या दिवशी पुढे सरकायचं नाही.

"आणि सोडून दिलं तर?" मी विचारलं. त्याचा बांधलेला पाय बघवत नव्हता.

"कापलेले पंख यायला पावसाळा उजाडेल. आत्ता सोडलास तर कावळे फाडतील." म्हणजे तोही अडकला, माझ्यामुळे. मी त्याच्याकडे बघून कितीदा मनात माफी मागितली असेल. पण परत माझंच गणित मांडायला बसायचे, हेही खरं.

आठवड्याने देवरूखचं पत्र आलं. आईला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं, म्हणाली, "चांगला झाला," आणि पिंजऱ्याकडे बघितलं. रुजू व्हायला बावीस दिवस होते. पडवीत दोन पिंजऱ्यांमधलं अंतर मी हाताने मोजलं, चौदा विती. राघूचा पिंजरा वाशाला टांगलेला. छोट्याचा नवा पिंजरा एका लाकडी स्टुलावर. कोब्यावर खडूने चौदा रेघा मारल्या आणि ठरवलं, एखाद-दुसरा दिवस हुकला तरी आठ दिवस हाताशी आहेत. त्या रेघांकडे बघून मला पहिल्यांदा मोकळं वाटलं. चौदावी रेघ ओलांडली की देवरूख.

पहिले चार दिवस छान गेले. राघू ओरडायचा, पण दुरून. छोटा अंग चोरून बसायचा आणि संध्याकाळ झाली की एक बारीक शीळ घालायचा. पाचव्या दिवशी संध्याकाळी पाहिलं, तर स्टूल चौथ्या रेघेवर.

"झाडताना सरकला असेल," आई म्हणाली.

मी पाचव्या रेघेवर ठेवलं. सातव्या दिवशी पुन्हा एक वीत मागे. नवव्या दिवशी आईने पडवी पुसून काढली आणि रेघाच गेल्या. मी पुन्हा मोजून मारल्या, पण स्टूल नेमकं कितव्यावर होतं ते मला ठामपणे सांगता येईना. राघू मध्येच पिसं फुलवायचा, तो दिवस वाया. बाराव्या दिवशी मोजलं तर मी सातव्या रेघेवर होते. मला वाटायला लागलं, माझंच डोकं ठिकाणावर नाही. देवरूखच्या विचाराने मी हुरळलेय आणि मोजणंसुद्धा विसरलेय. आईवर मी एकदाच ओरडले. ती म्हणाली, "मला काय करायचाय तुझ्या स्टुलाशी?" तिच्या चेहऱ्यावर इतकं साळसूदपण होतं की मलाच लाज वाटली.

राघूची वाटी मात्र रोज भरलेलीच. मी कपडे शिवायला टाकायला गेले, पोस्टात गेले, अर्धा दिवस बाहेर राहिले, की आल्यावर वाटी भरलेली आणि आई गालाला हात लावून पायरीवर. सोबतीने काही फरक पडला नव्हता. पंधराव्या-सोळाव्या दिवशी मी मनाने हरले. शाळेला नकाराचं पत्र कसं लिहायचं याची वाक्यं डोक्यात जुळायला लागली होती. आपल्या आईमुळे अडकलेल्या बाया मला ठाऊक होत्या, नवऱ्यामुळे अडकलेल्या तर किती तरी. पोपटामुळे अडकलेली मी एकटीच.

तरी सतराव्या दिवशी दाखला आणायला हॉस्पिटलात गेले. रुजू होताना तब्येतीचा दाखला लागतो. सही करणारे डॉक्टर जेवायला गेले होते, तीनला या असं तिथे सांगितलं. मी बाराच्या सुमारास घरी परतले. ऊन चढलं होतं म्हणून रस्त्याने न येता शेजारच्या परसातून, विहिरीकडच्या मागच्या दाराने आले. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मधल्या खोलीत आले आणि तिथेच थांबले.

पडवीत आई स्टुलावर बसली होती. छोट्याचा पिंजरा तिच्या मांडीवर, दार उघडं, आणि छोटा त्या दाराच्या चौकटीवर. राघूच्या पिंजऱ्याचंही दार उघडं. राघू बाहेर येऊन आईच्या मनगटावर बसलेला. तिच्या हातात भाताची बशी होती. लहानपणी आम्हाला मासळीचे काटे काढून भरवायची तसा ती मऊ भाताचा एक घास राघूला भरवायची, एक छोट्याला. त्यांच्यात वीतभरसुद्धा अंतर नव्हतं. मध्ये फक्त तिचा हात होता. राघूने एकदा मान लांबवली तर तिने नुसतं "हं" म्हटलं आणि तो मागे सरला.

काकांनी सांगितलेलं सगळं तिने माझ्याआधी करून टाकलं होतं. मी बाहेर पडले की, माझ्या पाठीमागे.

"खावा, खावा," आई त्यांना म्हणत होती. "ती यायच्या आत आटपा."

मी सरळ पडवीत गेले. आईने बशी पदराखाली घातली. राघूच्या चोचीला भाताचं शीत चिकटलेलं होतं. सवयीने तिच्या तोंडून गेलं, "सकाळपासून काय खाल्लान नाय हो."

मी ओरडले. आमच्या आळीत कोणी ओरडलं तर तिसऱ्या घरापर्यंत जायचं, त्याची मला तेव्हा पर्वा नव्हती. "कधीपासून?" मी विचारलं. "कधीपासून तुझ्या हातचं खातो?"

तिने दोन्ही पाखरांना आत घातलं, दारं लावली, आणि मग बोलली. "तू मिरजोळ्याला जायला लागलीस, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून. उपाशी मारायचा होता काय मेल्याला?"

"आणि पिसं? डबाभर पिसं दाखवायचीस मला!"

"पिसं दरवर्षीच गळतात. कंपाउंडरांनी सांगितल्यानी तेव्हाच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितला असता तर थांबली असतीस?"

"तू मला कोंडून ठेवलंस," मी म्हटलं. "चार वर्षं."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, रडेल. ती म्हणाली, "हो." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुझे वडील उंबऱ्यावरून 'येतो' म्हणून जायचे. दादा 'येतो' म्हणून जातो. जन्मभर मी येतो म्हणणाऱ्यांनाच भाकऱ्या बांधून दिल्या. म्हटलं, एक तरी घरात राहील."

तीन वाजले, मी हॉस्पिटलात गेले आणि दाखला आणला. वाटेत मला रडू येत होतं, ते रागाचं की कसलं कळत नव्हतं. पोपट अडवत होता तोवर मी मनाने कधीच देवरूखला पोचले होते. आता अडवणारं काही नव्हतं, वाट मोकळी होती, आणि माझा पाय निघत नव्हता. आईला एकटं टाकून जाते आहे, हे आत्तापर्यंत मला म्हणावंच लागलं नव्हतं. पोपटाला टाकून जाते, एवढंच म्हणत होते. आम्ही दोघी एकमेकींशी सरळ बोलायचं ते बोललो नाही आणि त्यात एका पाखराचं बोट गेलं.

पुढचे पाच दिवस आम्ही कामापुरतं बोललो. स्टुलाला मी हात लावला नाही. निघायच्या सकाळी ट्रंक घेऊन पडवीत आले, तर स्टूल चौदाव्या रेघेवर, राघूच्या पिंजऱ्याला अगदी लागून. छोटा दोन पायांच्या जागी दीड पाय असल्यागत तिरका बसला होता, पण शांत. आई अंगण झाडत होती, माझ्याकडे पाठ करून. ट्रंकेवर भाकरीचं पुडकं ठेवलेलं होतं.

कोणी "जाते" म्हणत नाही, आपल्यात ते अशुभ. मीही उंबऱ्यावर तोच शब्द म्हटला. "येते."

झाडू थांबला नाही.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. दुपारची एस्टी धरून मी दिवेलागणीला घरी पोचले. पहिला शनिवार धरून पुढे कित्येक वर्षं मी एकही शनिवार चुकवला नाही. देवरूखच्या मैत्रिणी सहलींना गेल्या, नाटकाला गेल्या. मी स्टँडवर. मी सुटले असं मला त्या काळात कधीच वाटलं नाही, पण त्याची चीड मात्र हळूहळू कमी झाली.

पहिल्या शनिवारी फाटक उघडलं तर आई पायरीवर, गालाला हात लावून बसलेली. राघूची वाटी डाळीने भरलेली. शेजारी स्टूल चौदाव्या रेघेवरच होतं आणि छोटा शीळ घालत होता.

"आठवडाभर काय खाल्लान नाय हो," आई म्हणाली.

राघू इतका गुबगुबीत झाला होता की दांडीवर त्याला वळायला त्रास पडत होता. मी आईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, पापणीही हलवली नाही. मला सगळं माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. बोलायला खूप होतं माझ्याकडे.

मी पिशवी खाली ठेवली, वाटीतली डाळ तळहातावर घेतली आणि पिंजऱ्यात हात घातला. राघूने कंटाळून बघितलं, एक दाणा उचलला, चोचीत दोनदा फिरवला आणि खाली टाकून दिला.

"खाल्लान!" आई म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "खाल्लं."

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि माझी पिशवी उचलून आत चालली. दारातून म्हणाली, "बास झाला. एवढ्यावर काढील आता शनवारपर्यंत."